मदत हवी आहे: फक्त गेट असलेल्या प्रॉपर्टीला सेट कसा जोडायचा?
मंडळी, सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत अडकलोय. लायब्ररीतल्या बेस क्लासमध्ये (ज्यावरून माझा क्लास बनवलाय) 'दर' ही व्हर्च्युअल, म्हणजे खालच्या क्लासमध्ये बदलून लिहिता येणारी, प्रॉपर्टी आहे; फक्त गेटवाली, म्हणजे किंमत नुसती वाचता येते. मला सेटही हवाय, म्हणजे किंमत बदलता यावी. ओव्हरराइड करताना (माझ्या क्लासमध्ये ती नव्याने लिहिताना) सेट लिहिला की कंपायलर सीएस०५४६ ही एरर देतो: बेसमध्ये ओव्हरराइड करण्याजोगा सेटच नाही. बरोबरच आहे म्हणा. 'न्यू' हा शब्द लावून बेसची प्रॉपर्टी लपवली तर कंपाइल होतं, पण ऑब्जेक्ट बेसच्या लिस्टमध्ये गेला की बेसचाच दर येतो. बिलात १८ ऐवजी ५ टक्के! एकाच क्लासमध्ये त्याच नावाने ओव्हरराइड आणि न्यू दोन्ही करता येत नाही. मधे एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही) घालून तिथे ओव्हरराइड आणि खाली न्यू, हा जुगाड सुचतोय. बेसचा कोड माझ्या हातात नाही. त्यापेक्षा सरळ 'दर_ठरवा' अशी वेगळी मेथड बरी का? तुम्ही काय करता?