मदत हवी आहे: परसात सातेरी मधमाश्यांची पहिली पेटी, पावसाळ्यात काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही दहिसरला राहतो, बैठं घर आहे आणि मागे थोडी जागा, तिथे नारळ, शेवगा असं बरंच काही लावलंय, तर हौस म्हणून सातेरीची पेटी आणून ठेवली. आग्या नाही हो, शेजारच्या काकू उगाच घाबरल्यात 😅 स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात त्यामुळे मुंग्या नाहीत. पण आता पाऊस लागल्यापासून माश्या फारशा बाहेर पडत नाहीयेत, आणि काल चौकट उचलून बघितली तर रिकाम्या पोळ्याच्या कडेला पांढरट जाळी आणि आत बारीक अळ्या, मेणकिडाच असणार बहुतेक. तेवढा तुकडा कापून टाकला. रिकामी पोळी सगळी काढून घेऊ का, म्हणजे माश्या आहेत तेवढ्याच चौकटी ठेवायच्या? आणि साखरपाणी निम्मं-निम्मं करून संध्याकाळी देतेय, ते रोज द्यायचं की एकाआड एक दिवस? पेटी विकणारा आता फोनच उचलत नाही. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत किंवा महाबळेश्वरला कोणी ट्रेनिंग घेतलंय का, नोकरी सांभाळून जमतं का? मुंबईतल्या दमट हवेत पेटी सांभाळलेल्यांनी प्लीज सांगा, मध नाही मिळाला तरी चालेल पण वसाहत उडून जायला नको.