एका मुलीसाठी चालू ठेवलेलं जपानी स्टेशन – गोष्ट खरी किती?

हिंडफिरी:
मंडळी, ते ढकलपत्र तुम्हालाही आलंच असेल, कायप्पावर वर्षा-दोन वर्षांनी उगवतं. उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटावर कामी-शिराताकी नावाचं स्टेशन, प्रवासी उरले नाहीत म्हणून रेल्वे बंद करणार होती, पण एक शाळकरी मुलगी रोज तिथून जाते हे कळलं आणि तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत फक्त तिच्यासाठी गाडी थांबवत राहिले, आणि शेवटी 'नाहीतर आपल्याकडे...' हे शेपूट असतंच. आम्ही मे महिन्यात साप्पोरोला जातोय, नवरा म्हणतो ते स्टेशन बघूच. गोष्ट खरी आहे का आणि तिथे जाण्यात काही अर्थ आहे का? रेल्वेवेड्यांनी प्रकाश टाका.

रूळकरी:
स्टेशन खरं, मुलगी खरी, जोडी मात्र चुकीची लावलीय. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीच्या फेसबुक पानावर ही पोस्ट आली आणि तिथून जगभर सुटली. ती मुलगी जायची क्यू-शिराताकीवरून. सेकिहोकू लाइनवर कामी-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी, शिमो-शिराताकी अशी चार स्टेशनं ओळीने होती, आपल्याकडे बुद्रुक-खुर्दचा होतो तसा घोळ झाला. त्यातून कामी-शिराताकीला दिवसभरात दोन्ही दिशांना एकेकच गाडी थांबायची, सकाळी ७:०४ ला एन्गारूकडे आणि संध्याकाळी १७:०८ ला कामिकावाकडे, त्यामुळे गोष्टीला ते वेळापत्रक फारच शोभून दिसलं. क्यू-शिराताकीला सकाळी एक असली तरी परतीच्या तीन गाड्या होत्या, आणि एन्गारूला शाळेत जाणारी इतर मुलंही त्याच गाडीत असायची.

बंद झालं ते २६ मार्च २०१६ ला. जपानमध्ये जेआरचं (म्हणजे जपान रेल्वेचं) नवं वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्येच लागतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं, त्यामुळे तारीख जुळली. बरं, त्या दिवशी एक नाही, कामी, क्यू आणि शिमो अशी तिन्ही स्टेशनं बंद झाली. एका मुलीसाठी तीन स्टेशनं कोण चालू ठेवेल?

खवचट काकू:
झालं, अजून एक गोड गोष्ट मारलीत :) पण मला एक सांगा, माणसंच नाहीत तर सकाळची ती एक गाडी बरोब्बर शाळेच्या वेळेलाच कशी? दुपारी बाराला का नव्हती?

रूळकरी:
काकू, मुद्दा बिनतोड आहे. खेड्यातल्या बाकीच्यांकडे कार असते, लोकल गाडीला रोजचं गिऱ्हाईक म्हणजे पासवाली हायस्कूलची मुलं, त्यामुळे गाड्या कापत कापत शेवटी उरते ती शाळेचीच. ते काही एकीवर केलेले उपकार नव्हेत, पण शाळेची गाडी शेवटपर्यंत ठेवली हे खरंच आहे.

मुक्ता_निशिकासाई:
मला त्या मुलीपेक्षा या लाइनचीच गोष्ट भारी वाटते. आधी असाहिकावाहून अबाशिरीकडे जायचं तर डोंगराला भलामोठा वळसा होता, मग कितामी खिंडीखालून ४,३२९ मीटरचा बोगदा खणला आणि १ ऑक्टोबर १९३२ ला लाइन जोडली गेली, कामी-शिराताकी त्याच दिवशी उघडलं. क्यू-शिराताकी मात्र १९४७ चं, तेसुद्धा तात्पुरता थांबा म्हणून, म्हणजे स्थानिक रेल्वे कचेरीने आपल्या अखत्यारीत काढलेला. त्याला स्टेशनाचा दर्जा मिळाला एकदम एप्रिल १९८७ मध्ये, सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन जेआर होक्काइदो आली तेव्हा. चाळीस वर्षं तात्पुरतं! लाकडी खोपटाएवढी वेटिंग रूम, बस.

आणि आयकिडोवाले कुणी असतील तर, त्या जपानी युद्धकलेचे संस्थापक मोरिहेई उएशिबा १९१२ मध्ये वाकायामाहून लोकांचा जथा घेऊन याच शिराताकीत जंगल तोडून शेती करायला आले होते. म्हणजे ही लाइन जोडली जाण्याच्या वीस वर्षं आधी, त्या थंडीत. पुढे तीच गावं रिकामी होत गेली आणि २००५ मध्ये शिराताकी एन्गारूत विलीन झालं.

२०१६ हे काही शेवटचं नव्हतं बरं का. त्याच नोव्हेंबरात जेआर होक्काइदोने जाहीर केलं की आपल्या जाळ्यातले १,२३७ किमी, म्हणजे साधारण निम्मं, एकट्याच्या जिवावर चालवणं जमणार नाही, त्यात सेकिहोकूही आहे. मार्च २०२१ ला होक्काइदोत एकाच फटक्यात १८ स्टेशनं गेली, त्यातली चार याच लाइनवरची, त्यांच्यावर कुणी ढकलपत्र लिहिलं नाही.

हिंडफिरी:
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, धन्यवाद. मग जावं की नाही?

मुक्ता_निशिकासाई:
बंद स्टेशन बघायला म्हणून नका जाऊ, गाडी तिथून नुसती निघून जाते. साप्पोरोहून ओखोत्स्क एक्सप्रेस पकडा, ती शिराताकीला थांबते. कामिकावा सुटलं की पुढचं स्टेशन थेट ३७.३ किमीवर, जेआरच्या साध्या (बुलेट ट्रेन सोडून) लाइनींवर दोन स्टेशनांमध्ये याहून लांब अंतर नाही, आणि सगळं जंगल, तेव्हा खिडकीची जागा घ्या. शिराताकीत काळ्या काचेसारख्या ऑब्सिडियन दगडाची अश्मयुगीन हत्यारं सापडलीत, २०२३ मध्ये ती राष्ट्रीय ठेवा ठरली, ती बघा. पण उतरण्याआधी परतीच्या गाडीची वेळ पक्की बघून ठेवा, चुकली तर तासन् तास बसाल.

रूळकरी:
एन्गारूपर्यंत बसून राहिलात तर अजून एक गंमत, तिथे गाडी उलट्या दिशेने निघते, कारण समोरची नायोरो लाइन १९८९ मध्येच उखडली. सगळे प्रवासी उठून आपापल्या सीटा फिरवतात. नवऱ्याला आधी सांगू नका, तोंड बघा त्याचं.