काठावरचे बहुमत, निसटता विजय आणि ‘टाळेबंदी’

अमेरिकी काँग्रेसमधील अर्थसंकल्पाच्या संघर्षाविषयीच्या एका लेखाचे मराठी भाषांतर मी सध्या तपासत आहे. सत्ताधारी पक्षाकडे विरोधकांपेक्षा जेमतेम चारपाच जागा अधिक आहेत, एवढेच सांगण्यासाठी भाषांतरकाराने एकाच परिच्छेदात ‘निसटते बहुमत’, ‘काठावरचे बहुमत’ आणि ‘साधे बहुमत’ असे तीन शब्दप्रयोग केले असून पुढे ‘शटडाऊन’साठी ‘सरकारची टाळेबंदी’ असेही लिहिले आहे. हे तिन्ही प्रयोग समानार्थी मानावेत का, आणि ‘टाळेबंदी’ येथे योग्य ठरते का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद १

‘साधे बहुमत’ प्रथम बाजूला काढावे. ती संज्ञा ‘विशेष बहुमता’च्या विरुद्ध योजली जाते आणि तिचा अर्थ उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदस्य इतकाच आहे. चारशे विरुद्ध शंभर मतांनी संमत झालेला ठरावही साध्या बहुमताने संमत झाला, असे म्हणता येते. ‘साधे’ म्हणजे ‘थोडके’ नव्हे.

खरा प्रश्न उरलेल्या दोन शब्दांचा आहे. ‘काठावरचे’ हे विशेषण ‘काठावर पास होणे’ या रुळलेल्या प्रयोगातून आलेले असून ते स्थिती दाखवते: सभागृहात पक्षाचे संख्याबळ किती, आणि दोनचार सदस्य गैरहजर राहिले किंवा फुटले तर काय होईल, हे त्यातून कळते. ‘निसटता’ मात्र घटनेला लागते. निसटता विजय आणि निसटता पराभव हे दोन्ही आपण सहज म्हणतो, कारण हातातून निसटता निसटता राहिलेली किंवा मिळता मिळता निसटलेली गोष्ट त्यातून सांगायची असते. ‘निसटते बहुमत’ असे लिहिले की बहुमत हातातून निसटत चालले आहे, असा दुसराच अर्थ वाचकाच्या मनात डोकावतो, आणि लेखकाला तो अभिप्रेत असेलच असे नाही.

हा भेद कोशापुरता नाही, हे १९९३ च्या उदाहरणावरून दिसते. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात तेव्हा अडीचशेहून अधिक जागा होत्या, म्हणजे त्यांचे बहुमत काठावरचे मुळीच नव्हते. तरीही त्या वर्षीचे अर्थसंकल्पीय विधेयक ऑगस्टमध्ये २१८ विरुद्ध २१६ मतांनी तरले, कारण रिपब्लिकन पक्षाचा एकही सदस्य बाजूने नव्हता आणि स्वपक्षातील ४१ जण विरोधात गेले. सिनेटमध्ये मते समसमान पडली, तेव्हा उपाध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने ते पार पडले. पेनसिल्व्हेनियाच्या मार्जोरी मार्गोलिस-मेझविन्स्की यांनी अखेरच्या क्षणी बाजूने मत दिले, तेव्हा विरोधी बाकांवरून त्यांना नाव घेऊन निरोप देणाऱ्या आरोळ्या उठल्या, आणि १९९४ च्या निवडणुकीत त्यांची जागा खरोखरच गेली. येथे ‘निसटता विजय’ हाच शब्द हवा. ‘काठावरचे बहुमत’ लिहिले तर ते तथ्यालाच धरून होणार नाही.

उलट २०२४ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाला २२० आणि डेमोक्रॅटिक पक्षाला २१५ जागा मिळाल्या. हे काठावरचे बहुमत. त्या बळावर २२ मे २०२५ रोजी कर आणि खर्चाचे विधेयक २१५ विरुद्ध २१४ मतांनी संमत झाले. हा निसटता विजय. दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात यायला हरकत नाही, परंतु प्रत्येकाने आपापल्या जागी यावे.

जाता जाता एक सूचना करतो. मतांमधील फरकाला ‘मताधिक्य’ असा नेमका शब्द आपल्याकडे आहे. ‘एका मताच्या मताधिक्याने’ हे कानाला खटकते, म्हणून तेथे ‘अवघ्या एका मताने’ पुरे. मात्र ‘अल्पमताने संमत’ कधीही लिहू नये, कारण अल्पमत म्हणजे बहुमत नसणे.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण मला ‘टाळेबंदी’ची चिंता अधिक वाटते. मालकाने कारखान्याला टाळे ठोकून कामगारांना बाहेर ठेवणे, हा त्या शब्दाचा मूळचा अर्थ आहे, आणि २०२० नंतर तर वाचकाला त्यातून साथीच्या काळातील निर्बंधच आठवतात. अमेरिकेत घडते ते वेगळे. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, तोपर्यंत काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही तर संबंधित खात्यांना पैसा खर्च करण्याचा अधिकारच उरत नाही. काही कर्मचारी बिनपगारी सक्तीच्या रजेवर जातात, तर हवाई वाहतूक नियंत्रकासारखा अत्यावश्यक सेवेतला कर्मचारी रोज कामावर येतो आणि पगाराच्या दिवशी त्याच्या खात्यात काही जमा होत नाही. टाळे कोठेच लागलेले नसताना त्याच्या कामाला ‘टाळेबंदी’ कसे म्हणावे? २०१८-१९ मध्ये ही अवस्था ३५ दिवस टिकली, तर २०२५ मध्ये ४३ दिवस.

याहून खोल अडचण ‘सरकार’ या शब्दात आहे. आपल्या संसदीय रचनेत लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर मंत्रिमंडळाला राहता येत नाही, म्हणून ‘सरकार पडले’ हे आपल्या तोंडी बसले आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असे मतदान होऊन वाजपेयी सरकार पडले, तेव्हा कचेऱ्या नेहमीसारख्या चालूच राहिल्या. अमेरिकेत नेमके उलट होते: अध्यक्ष पदावर कायम राहतात आणि कचेऱ्या थांबतात. म्हणून तेथे ‘सरकार बंद’ न लिहिता ‘सरकारी कामकाज ठप्प’ लिहावे.

‘पक्षादेश’ हा शब्दही जपून वापरावा. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतील पक्षांतरबंदीमुळे १९८५ पासून आपल्याकडे व्हिप झुगारणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, तर तेथे १९९३ मध्ये विरोधात गेलेल्या ४१ जणांची सदस्यत्वे त्या मतामुळे गेली नाहीत. तेथे ‘पक्षाची भूमिका’ पुरेशी आहे.

प्रतिसाद ३

वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून ‘टाळेबंदी’ रुळली आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. मथळ्याच्या तोकड्या जागेत ‘शटडाऊन’ मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो निदान दुसरा अर्थ सुचवत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘काठावरचे बहुमत असलेल्या सत्ताधारी पक्षाने हे विधेयक अवघ्या एका मताने संमत करून घेतले, मात्र पुढे खर्चाच्या मंजुरीवर तडजोड न झाल्याने १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज ठप्प झाले.’ मथळ्यात ‘शटडाऊन’ ठेवला आहे.