अफवा पसरवणाऱ्यांवर सरकारने सरळ बंदी का आणू नये?

पारावरचा: परवा गावच्या ग्रुपवर परत तेच, पोरं पळवणारी टोळी आलीय, सोबत चार जणांचा फोटो. कोण, कुठले, कुणाला पत्ता नाही. मी लिहिलं पोलिसांना विचारा, तर एक काका म्हणाले पोलीस येईस्तोवर पोर हाताला लागायचं नाही, आपणच बघून घेऊ. खरं सांगतो, फोटोपेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटली. खोटं काय ते सरकारने ठरवावं आणि उडवावं, विषय संपला. यात काय चुकतंय?

साक्रीकर: भाऊ, आमच्या साक्री तालुक्यातलं (जिल्हा धुळे) राईनपाडा आठवतंय का? १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारे समजून जमावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून मारलं, पाचही गेले. जिथं ग्रामसभेचे ठराव लिहितात तिथं!! त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, बाईकवरून येतात आणि पोर उचलून नेतात. मूळचा तो कराचीतल्या जनजागृतीचा, शेवटी पोराला परत आणून सोडतात. तो शेवटच कापला होता कुणीतरी. आणि हो, मार कुणाला पडतो तेही बघा. पाल ठोकून राहणाऱ्याला, ज्याला गावात ओळखणारं कुणी नसतं.

तारीख पे तारीख: त्याच महिन्यात, १७ जुलैला, सुप्रीम कोर्टाने झुंडबळींवर निकाल दिला. जिल्ह्याला एसपी दर्जाचा नोडल अधिकारी, फास्ट ट्रॅक कोर्ट, शक्यतो सहा महिन्यांत खटला. व्हॉट्सॲपनेही भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटवर आणलं. तरी एप्रिल २०२० मध्ये पालघरला गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले, पुन्हा चोर आल्याचीच अफवा, पोलीस समोर असताना. वर त्याला हिंदू-मुस्लिम रंग देणारे मेसेज सुरू झाले, शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना सांगावं लागलं की अटकेतल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. अफवेतून झालेल्या खुनावर आणखी एक अफवा.

उलटतपासणी: पारावरचा, सरकारने ठरवावं म्हणताय ना, मग पालघरचीच दुसरी गोष्ट घ्या. २०१२, बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद होती त्यावर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ ला रद्द केलं. केंद्राने २०२३ मध्ये नियम आणला की सरकारी कामाबद्दल खोटं काय हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट सांगणार. म्हणजे फिर्यादीही तेच आणि न्यायाधीशही तेच. कॉमेडियन कुणाल कामरा वगैरे मुंबई हायकोर्टात गेले, दोन जजांचं जमेना, तिसऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बाद ठरवला. अहो सत्तेत कुणीही असो, आज ज्यांच्या हातात हे द्याल ते उद्या बदलतील, नियम राहील. आणि तुमच्या काकांचा प्रॉब्लेम मेसेज उडवून सुटत नाही, त्यांचा पोलिसांवरच विश्वास नाहीये. पोलीस पाटलांना त्या ग्रुपवर बोलायला लावा, ओळखीच्या माणसाचं ऐकतात लोक.

पारावरचा: पटलं. मघाशीच फोन लावला पोलीस पाटलांना. ते ग्रुपमध्येच आहेत म्हणे. फोटो त्यांनीच टाकलाय.