चेतातंतूतला संदेश: वीज की एकाकी लाट?

कालवाकाठ:
१८३४ साली एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक होडी अचानक थांबली आणि तिच्या पुढच्या टोकापाशी साठलेलं पाणी उंचवटा होऊन एकटंच पुढे निघालं. अभियंते जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून एक-दोन मैल त्याच्या मागे गेले. फूट-दीड फूट उंचीची ती लाट ताशी आठ-नऊ मैलांनी चालली होती, आकार जवळपास तसाच. लाट पसरू बघते आणि तिचाच उंच भाग तिला पुढून टोकदार करू बघतो. ही रस्सीखेच बरोबरीत सुटली की आकार न बदलता चालणारी एकाकी लाट उरते, तिलाच सॉलिटॉन म्हणतात.

कोपनहेगनच्या हाइमबुर्ग आणि जॅक्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडलं की चेतातंतूतून संदेश नेणारा आवेगही असाच असतो. पेशीपटलातली स्निग्धद्रव्यं वितळण्याच्या उंबरठ्याजवळ असतात. त्यांतून दाबाची लाट जाते, विजेचा ठोका तिच्यासोबत येतो. मला हे गांभीर्याने घ्यावंसं वाटतं, कारण उष्णता. आवेग जाताना उष्णता बाहेर पडते आणि लगेच बरीचशी परत शोषली जाते, हे ए. व्ही. हिल यांच्या गटाने १९५८ मध्ये खेकड्याच्या तंतूंवर मोजलं. रूढ सिद्धान्तात आवेग म्हणजे पटलाच्या रोधातून वाहणारा विजेचा प्रवाह, आणि असा प्रवाह दिलेली उष्णता परत घेत नाही! पदवीला यातलं अक्षरही शिकवलं नाही, याची मला खंत आहे.

चेतापेशी:
असहमत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉलिटॉनची ओळखच ही की दोन समोरासमोर आले तर एकमेकांतून पार होतात. चेतातंतूत दोन्ही टोकांकडून आवेग सोडा, मध्ये भेटून दोन्ही विझतात, कारण प्रत्येकाच्या मागे काही क्षण न चेतणारा पट्टा असतो. प्रयोगशाळेत ही टक्कर रोजचं हत्यार आहे.

दुसरं, वेग. त्या प्रारूपातून सेकंदाला साधारण १०० मीटर निघतो. वेदना नेणारे आवरणहीन तंतू सेकंदाला मीटरभराने चालतात, त्यांचं काय? विजेचा रूढ सिद्धान्त मांडणाऱ्या हॉजकिन-हक्सले यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूसाठी (चेतापेशीचा लांब धागा) गणिताने सेकंदाला १८.८ मीटर काढले, मोजले तेव्हा २१.२ आले. तेही १९५२ मध्ये, हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर.

आणि फुगू माशाचं विष पटलातल्या एका प्रथिनातला फक्त सोडियमचा मार्ग बंद करतं, की आवेग संपला. लाट जर स्निग्धद्रव्यांची, तर त्या प्रथिनाला बूच लावल्याने ती का थांबावी?

कालवाकाठ:
ताई, २०१४ मध्ये गांडूळ आणि शेवंड यांच्या तंतूंत आवेग पार झाल्याचं कोपनहेगनच्या गटाने दाखवलंय की.

चेतापेशी:
दाखवल्याचा दावा आहे. दुसऱ्या गटाने २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात हरकत घेतली; त्यांच्याकडे आवेग विझलेच.

गुंगी:
भूलतज्ज्ञ आहे. सॉलिटॉनवाल्यांचा आवडता आधार आमच्याकडचा: औषध तेलात जितकं विरघळतं तितकी त्याची भूल जोरकस, हा मेयर-ओव्हरटन नियम. त्यांच्या मते औषध पटलातल्या स्निग्धद्रव्यांत विरघळून त्यांचं वितळणं बदलतं आणि लाट अडते. शिवाय दाब वाढवला की भूल उतरते. मलाही शिकताना हे फार सुंदर वाटलं होतं. पण एटोमिडेट या भुलीच्या औषधाची एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली दोन रूपं घ्या. तेलात दोन्ही सारखीच विरघळतात, भूल मात्र एकाचीच चांगली चढते. फ्रँक्स आणि लीब यांनी तर १९८४ मध्ये स्निग्धद्रव्य नसलेल्या नुसत्या प्रथिनावर तोच नियम मिळवला.

कालवाकाठ:
टक्कर आणि भूल, दोन्ही मुद्दे मान्य. विषाचाही. उष्णतेचं उत्तर मात्र अजून कुणी दिलं नाही.

चेतापेशी:
देते. पटल हे धारित्र, म्हणजे विजेचा भार साठवणारं साधन आहे. ते रिकामं होताना उष्णता सुटते, पुन्हा भरताना शोषली जाते. मोजलेला आकडा त्याहून मोठा निघतो, म्हणून उरलेला भाग पटलाच्या एन्ट्रॉपीतल्या, म्हणजे त्याच्या रेणूंच्या विस्कळीतपणातल्या बदलाला देतात.

कालवाकाठ:
म्हणजे आवेग जाताना पटलाची रचनाच बदलते, असंच ना? मग हॉजकिन-हक्सलेच्या समीकरणांत ते पद कुठे आहे? लाट सॉलिटॉन नसेल, मानतो. पण पटल म्हणजे नुसती निर्जीव तार, हे मला यापुढे पटणार नाही.