वसतिगृहात खाण्याच्या आजारांवर कार्यक्रम घ्यायचाय, काय बोलावं आणि काय टाळावं?

रानजाई
सांगलीत मुलींच्या वसतिगृहावर मी रेक्टर आहे. अकरावी-बारावीच्या मुली, बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो आणि त्याच आठवड्यात आमची पालकसभा आहे. त्यात तासभर ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणं), बुलिमिया (ताबा सुटून खाणं आणि मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढणं) यांबद्दल बोललं जावं असा मी आग्रह धरलाय.

का, ते सांगते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) आमच्याकडे एक मुलगी आहे. आधी संकष्टी, मग सोमवार, मग गुरुवार, एकादशी. फराळाचं ताट घ्यायची, पण खिचडी शेजारणीच्या ताटात जायची. एप्रिलच्या उकाड्यात अंगात स्वेटर. मेसच्या मावशींकडून कटाच्या आमटीची कृती वहीत उतरवून घ्यायची, खोलीतल्या मुलींना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची. घरी फोन केला तर आई म्हणाली, "देवाधर्माचं फार आहे तिला, करू द्या." त्या माउलीला मी दोष देत नाही, असा काही आजार असतो हे तिच्या कानावर कधी आलेलंच नव्हतं. मुलीचे उपचार आता सुरू आहेत. पण अशा आणखी कितीजणी रोज माझ्यासमोरून ताट घेऊन जात असतील, या विचाराने झोप लागत नाही.

व्यवस्थापनाचं म्हणणं: वजनकाटा मागवून सगळ्यांची वजनं घेऊ, आणि हाडं दिसणाऱ्या मुलींचे फोटो पडद्यावर दाखवू, म्हणजे धाक बसेल. मला हे अजिबात पटत नाही, पण समजावून सांगायला ठोस मुद्दे हवेत.

उंबरठा
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. फोटो नकोतच. जिला आजार आहे ती फोटो बघून घाबरत नाही. "मी कुठे एवढी वाळलेय, मग मला काही झालेलं नाही" असं ती स्वतःला समजावते, नाहीतर त्या फोटोशी मनात स्पर्धा सुरू करते. किलोचे आकडे, कॅलरीचे आकडे, कोणी काय युक्त्या केल्या हेही माइकवरून सांगू नका. आणि काट्याचा उपयोग काय? बुलिमिया असलेल्या बऱ्याच जणींचं वजन चारचौघींसारखंच असतं. त्या काट्यावरून निर्धास्त उतरतील, आणि जिच्या मनात नुकतं बी पडलंय तिला मात्र मैत्रिणींसमोर आकडा ऐकावा लागेल.

तुमची मुलगी कृती का उतरवून घेत होती, हे पालकांना जरूर सांगा. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. या पुरुषांना ना बारीक व्हायची हौस होती, ना आरशाचं वेड. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक घास चघळत जेवण लांबवू लागले. त्यांना सतत थंडी वाजायची. चिडचिड आणि उदासी वाढली. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही काहींची खा-खा लगेच शमली नाही. म्हणजे ज्याला घरचे हट्ट किंवा नाटक म्हणतात, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं काम असतं. हे कळलं की आईवडिलांचा राग ओसरतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. पाळी नियमित आहे म्हणून ॲनोरेक्सिया नाही असं समजू नये. निदानाच्या निकषांतून पाळी बंद होण्याची अट 2013 सालीच काढली गेली. त्याच वर्षी बिंज ईटिंग, म्हणजे ताबा सुटून बकाबका खाणं आणि मग अपराधी वाटत राहणं, हाही स्वतंत्र आजार मानला गेला. मुलग्यांनाही हे सगळं होतं.

दाढदुखी
दंतवैद्य आहे, थोडंसंच लिहितो. वारंवार उलट्या करणाऱ्यांच्या वरच्या पुढच्या दातांचं आवरण आतल्या बाजूने झिजतं, कानाखाली गालफडं सुजल्यासारखी दिसतात. कधीकधी घरच्यांच्या आधी हे आम्हाला दिसतं. उलटीनंतर लगेच ब्रश केल्यास झीज वाढते, साध्या पाण्याने चूळ भरावी.

लीड्सकर
माझ्या मुलीवर इथे इंग्लंडमध्ये उपचार झाले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली पद्धत: सुरुवातीला तिने काय आणि किती खायचं हे आईबापांनी ठरवायचं, प्रत्येक जेवणाला शेजारी बसायचं, ती रडली-ओरडली तरी आवाज चढवायचा नाही आणि ताटही उचलायचं नाही. फार दमवणारं काम आहे. पुण्याला आलो तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना आधीच फोन करून बजावलं, तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. तरी एक मावशी प्रेमाने म्हणालीच, "आता कशी छान भरलीस!" त्या रात्री लेक जेवली नाही. पालकसभेत एवढं एक सांगितलंत तरी पुष्कळ.

रानजाई
मनापासून आभार. हे मुद्दे घेऊन मी व्यवस्थापनाकडे जाते. मेसच्या मावशींनाही कार्यक्रमाला बसवणार, त्यांच्याइतकं कोणाला दिसत नाही. आणखी एक विचारते, संशय आलेल्या मुलीशी पहिल्यांदा बोलावं कसं?

उंबरठा
जेवणाच्या वेळी नको, चारचौघींतही नको. वजनाचा विषय काढू नका. "तू हल्ली लवकर दमतेस, कुडकुडतेस, मला काळजी वाटते" इथून सुरुवात करा. ती नाकारेल. वाद घालू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. उपवासावर टीका केलीत तर ती देवाआड लपेल. चक्कर, छातीत धडधड, शुद्ध हरपणं यांपैकी काही झालं तर थेट रुग्णालयात न्या. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलीला मायेपोटी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा. पालकांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.