भेटीचा आदेश आहे, पण मूल भेटत नाही. पुढे काय करायचं?

दादरकर: वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाचा अंतरिम आदेश आहे, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा. ताबा आईकडे आणि वडिलांना 'दुसऱ्या व चौथ्या शनिवारी भेट', एवढंच लिहिलंय. वेळ नाही, जागा नाही. दर वेळी ताप नाहीतर क्लास आडवा येतो. पोटगी थांबवली तर चालेल का? मुलीला नुकतं सहावं लागलंय, म्हणजे पाच पूर्ण. आता ताबा मागता येतो का?

माहीमची_खाडी: पोटगी एक दिवसही थांबवू नका. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट होत नाही म्हणून पैसे अडवता येत नाहीत, आणि पैसे थकले म्हणून आईलाही भेट नाकारता येत नाही. थकबाकी दिसली की न्यायाधीशांसमोर तुमचीच बाजू लंगडी होते.

खरी अडचण आदेशाच्या शब्दांत आहे. मूल कुठे, किती वाजता, कोणी आणायचं हेच लिहिलेलं नसेल तर आदेश मोडला असं म्हणणार कशावरून? आधी आदेशात दुरुस्तीसाठी अंतरिम अर्ज करा आणि नेमका मजकूर त्यातच लिहून द्या. उदाहरणार्थ: 'पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते दुपारी २, न्यायालयातील मुलांच्या कक्षात, आई किंवा आजीने ११ वाजता मूल पोहोचवावे, मूल आजारी असल्यास आदल्या संध्याकाळी ६ पर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कळवावे, बुडालेली भेट पुढच्याच रविवारी त्याच वेळेत, आईच्या घराजवळच्या बागेत भरून द्यावी.' दुसऱ्या-चौथ्या शनिवारी न्यायालयाला सुट्टी असते, म्हणून कोर्टातली जागा हवी असेल तर पहिला-तिसराच मागा.

फोनचं कलमही घाला. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता आलं पाहिजे. उन्हाळ्याची निम्मी सुट्टी हवी असेल तर अर्ज मार्चच्या आत करा. मे महिन्यात कोर्टालाच सुट्टी लागते.

आदेश नेमका झाला की मग दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १८ मुळे आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखीच होते. मुद्दाम आदेश मोडणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते. पण प्रत्येक बुडालेल्या भेटीचा पुरावा लागतो. ठरलेल्या वेळी जाऊन थांबा, तिथूनच मेसेज करा, आणि पुढच्या तारखेला ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) येईल असं बघा. मेसेजची भाषा सौम्य ठेवा, तो न्यायाधीश वाचणार आहेत.

गोरेगाव_पूर्व: पाच वर्षांबद्दल फार गैरसमज आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. पाच पूर्ण झाली की मूल आपोआप वडिलांकडे, असं त्यात कुठेही नाही. कलम १३ प्रमाणे मुलाचं हितच सर्वोच्च. तिची शाळा, घर, आजीआजोबा सगळं नीट चाललं असताना निव्वळ वयावर ताबा मागितलात तर अर्ज टिकणं कठीण, आणि भेटी वाढवून घेण्याची संधीही हातची जाईल. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. म्हणून आधी सहा महिने न चुकता भेटी घ्या, मग दिवसभराची, त्यानंतर रात्रीच्या मुक्कामाची मागणी करा.

ठाणेमार्गे: समुपदेशकाकडे जाणं टाळू नका, त्यांच्या अहवालाला वजन असतं. पहिल्या भेटीला महागडी खेळणी घेऊन जाऊ नका. तिची चित्रकलेची वही आणि ओळखीचा खाऊ पुरे. 'आई काय म्हणते गं माझ्याबद्दल?' हे चुकूनही विचारू नका. मूल घरी जाऊन रडतं आणि पुढच्या भेटीला यायला स्वतःच नको म्हणतं.

दादरकर: दुरुस्ती नाकारली तर अपील?

माहीमची_खाडी: कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ चं अपील अंतरिम आदेशावर चालत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. रोजनाम्याची प्रमाणित नक्कल आजच मागून ठेवा.